वळच्या गोदामातला लाल सुताचा नकाशा

पत्रकाची पहिली ओळ कुणाच्या तरी कानाखाली वाजली पाहिजे, असं आमचे अण्णा म्हणतात. अण्णा म्हणजे लातूरच्या आमच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. डाळ मिलमध्ये पोती वाहणारे गडी आणि डाळ निवडणाऱ्या बाया यांची ही संघटना. तिची पत्रकं चार वर्षं मीच लिहिते. पण हे पत्रक नाही. भिवंडीहून आल्यापासून जो तो विचारतोय, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी सांगते, गोदामं आहेत. मग माणूस चहा संपवतो आणि उठतो. म्हणून लिहूनच काढते. आता उठून दाखवा.

जाण्याचं कारण असं घडलं. 'प्रक्रिया सुधारणा आणि गुणवत्ता व्यवस्थापन' अशा अगडबंब नावाच्या सहा दिवसांच्या वर्गात कामगार संघटनेसाठी एक जागा राखली होती. अण्णांनी माझं नाव टाकून दिलं. "मिलवाले बी आता हेच शिकायलेत. घड्याळ घेऊन बायांच्या मागं उभारायलेत. तू जा, ते हत्यार कसलं हाय ते बघून ये." मी पिशवीत दोन ड्रेस, शेंगदाण्याची चटणी आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा भरला. हत्याराला उत्तर द्यायला कागद लागतो.

रविवार, अंजूर

संस्थेच्या वसतिगृहात मुलींची सोय नव्हती. "लेडीज कधी येतच नाहीत," असं फोनवरचा माणूस म्हणाला. सोय नाही म्हणून येत नाहीत, हे त्याला समजावण्यात माझी बरीच ताकद गेली. शेवटी त्याने अंजूर गावातल्या एका घरात खोली मिळवून दिली.

रिक्षा भिवंडीतून बाहेर पडली आणि मी डोळे फाडून बघत राहिले. आमच्याकडे क्षितिजापर्यंत तूर आणि सोयाबीन दिसतं, तर इथे क्षितिजापर्यंत पत्रे. निळे, पांढरे, एकाला एक चिकटलेले, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी विसरून गेल्यासारखा एखादा भाताचा तुकडा. अख्ख्या देशाची चप्पल, मिक्सर आणि शाम्पू इथून निघतो. लातुरात माझ्या दारात आलेलं खोकं आधी इथल्या एखाद्या बाईच्या हाताखालून गेलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. एवढी पत्रकं लिहून आधी सुचलं नव्हतं.

मग अचानक पत्रे संपले आणि खाडी आली. चिखल, तिवरं, बगळे. घराच्या ओट्यावर एक पन्नाशीची बाई बादली घेऊन बसली होती. ही रंजनावहिनी.

"लातूरची ना गो तू? ये बाय, हात घाल बादलीत, मना जरा मदत कर."

मी आज्ञाधारकपणे हात घातला. बादलीतून काहीतरी उडालं आणि थेट माझ्या ओढणीत शिरलं. मी ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. डोळे वटारलेला, चिखलाच्या रंगाचा तो मासा माझ्या पाठीवर फडफडत होता आणि वहिनी पोट धरून हसत होत्या.

"निवटी हाय ती! तुना खानार न्हाय, तू तिला खाशील!"

खाल्ली. तांदळाच्या मऊ भाकरीबरोबर, चिंचेच्या लाल रश्श्यात. ज्वारीच्या भाकरीशी मी कधी बेइमानी केली नव्हती, त्या दिवशी चार वेळा केली. माझी चटणी वहिनींनी चाखली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात पावसाची कमी म्हनून इतका तिखट खाता का गो?"

सोमवार, भिवंडी

वर्ग एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बारा जण, अकरा पुरुष. शिकवायला फरहीन मॅडम, नारपोलीच्या. वडिलांचे कापड विणायचे लूम होते, स्वतः वीस वर्षं कारखान्यांतून गुणवत्तेचं काम केलेल्या. मराठी, हिंदी, उर्दू एकाच वाक्यात पेरतात आणि वाक्य अडखळत नाही.

त्यांनी सांगितलं, शनिवारी पास झालात तर कराट्यात असतो तसा 'पिवळा पट्टा' मिळेल. माझ्या शेजारचा लगेच उठला. "मॅडम, माझी कंबर मोजून घ्या, नंतर आखूड झाला तर?" हा दिनेश पाटील, वळ गावचा. गळ्यात बोटाएवढी साखळी, बाहेर बुलेट. यांच्या शेतावर गोदाम उभं आहे आणि आता त्याला स्वतःचं चालवायचं आहे. म्हणजे जमीनदार! मी वही त्याच्यापासून लांब सरकवली. तेवढ्यात मॅडमनी जोड्या पाडल्या आणि माझी जोडी त्याच्याशीच लागली.

मग फळ्यावर शब्द आले. मुडा म्हणजे वाया जाणारं, आणि खाली त्याची यादी. गेम्बा म्हणजे जिथे खरोखर काम होतं ती जागा. मी हात वर केला. "वाया जाणाऱ्यांच्या यादीत माणूस कितव्या नंबरवर आहे?"

मॅडम म्हणाल्या, "यादी मोठ्याने वाच."

वाचली. वाट बघणं होतं, उगाचची ने-आण होती, साठा होता, चुका होत्या. माणूस नव्हता.

"नहीं मिला ना? जे लोक माणूस काढतात ते यादी न वाचताच काढतात. अब बैठ जा, बेटा."

बसले. राग आला, पण कुणाचा ते कळेना. त्यात दुपारी त्यांनी शिकवलं, की अडचण दिसली की पाच वेळा 'का' विचारायचं. बापरे! ज्या सवयीपायी शाळेत मी अर्धी वर्षं दाराबाहेर काढली, तिला इथे प्रमाणपत्र देतात. बसस्टॉपवर उभी राहून मी एकटीच हसत होते.

मंगळवार, वळ

गेम्बाचा दिवस. दिनेशच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं गोदाम. आत गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती उकाडा, दुसरी लांबी. या टोकाचा माणूस त्या टोकाला उंदराएवढा दिसतो.

मॅनेजर साहेब घाईत होते. त्यांची तक्रार होती, की माल भरून गाड्या वेळेवर निघत नाहीत. मॅडमनी ती त्यांच्याकडूनच फॉर्मवर लिहून घेतली आणि खाली सही घेतली. सही करता करता ते म्हणाले, "पॅकिंगच्या टेबलावर पाच बायका आहेत, चार पुरतील. कोण कमी करायची ते तुमच्या अभ्यासातून येईलच. शनिवारी सांगा."

माझे कान तापले. अण्णा म्हणाले तेच हे हत्यार! मी तरातरा टेबलाकडे गेले, आणि नारिंगी जॅकेट घालून खोक्याला टेप मारणारी पहिलीच बाई म्हणाली, "अगो, तू हितं?"

रंजनावहिनी. रविवारी मी कुठे काम करता म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या घरची निवटी खाल्ली आणि विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तेच केलं जे मला येतं. कोरे कागद काढले, पत्रक लिहिलं, नाक्यावर झेरॉक्स काढून टेबलावरच्या पाचही जणींना वाटलं. 'घड्याळापुढे पळू नका! उद्या तुमचा वेग मोजतील, परवा तोच तुमच्या मानेवर ठेवतील! सावकाश काम करा!' तीन उद्गारचिन्हं. अण्णांना आवडलं असतं.

बुधवार, वळ आणि नारपोली

सकाळी मी आणि दिनेश घड्याळ घेऊन उभे राहिलो. प्रत्येक खोक्यावर ते बांधणाऱ्या बाईचा नंबर चिकटतो, तेव्हा कुणी किती बांधली ते लपत नाही. चार बायका वाऱ्यासारख्या सुटल्या. इतक्या जोरात, की टेपचा करकराट थांबेना. घड्याळ बघून पळायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पत्रकं त्यांनी जेवणाच्या डब्याखाली अंथरली होती.

फक्त एक बाई सावकाश काम करत होती. शांतपणे, खोक्याची प्रत्येक कडा हाताने दाबत.

"वहिनी!" मी पुटपुटले. "जरा हात चालवा की!"

"तूच सांगलंस ना गो, सावकाश करा? घरातल्या पाव्हन्याचं आइकावं लागतं. त्या चौघींच्या घरी तू न्हाय ऱ्हात."

दुपारी मॅनेजर साहेबांनी आमचा तक्ता बघितला, पेन काढलं आणि रंजनावहिनींच्या नावाभोवती गोल केला. "महिनाभर हीच मागे आहे. आज तर अगदीच. झालं की तुमचं काम."

त्यांनी पेनला टोपण लावलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या पत्रकाने आजवर एकही मालक हलला नव्हता, आणि हललीच तर ही बाई हलणार होती.

दिनेशला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "लातूर, आता काय?" मी म्हटलं तक्ता फाडू. तो म्हणाला, "फाडून काय, त्यांच्या कॉम्प्युटरवर हाय." मग आम्ही दोघं बुलेटवर बसून फरहीन मॅडमच्या घरी नारपोलीला गेलो, म्हणजे गुन्हा कबूल करायला.

नारपोलीत आवाज आधी येतो, गल्ली नंतर. लूमची खटखट खटखट, जमिनीतून तळपायात, तिथून दातांत. अशा आवाजात लोक डोळ्यांनी बोलतात. टपरीवाल्याने दोन बोटं वर केली, मॅडमनी तीन केली, तीन कटिंग आले. मी माझा कबुलीजबाब अक्षरशः ओरडून दिला. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

मॅडमनी चहा संपवला. "तू मोजायला गेली होतीस की भाषण द्यायला? गेम्बावर गेलं की आधी बघायचं. तू बघितलं का, ती महिनाभर मागे का आहे?"

"नाही."

"कितने 'का' पूछे?"

"एकही नाही."

सोमवारी ज्या गोष्टीसाठी मी एकटी हसत होते, तीच मी बुधवारपर्यंत विसरले होते. मॅडम आत गेल्या आणि वडिलांच्या बंद पडलेल्या लूमवरच्या कांड्या घेऊन आल्या. पाच रंगांचं सूत. "उद्या घड्याळ नाही, भाषण नाही. थर्माकोलवर गोदामाचा नकाशा काढ. बाई टेबल सोडून जिथे जाईल तिथे टाचणी लाव आणि सूत ओढ. बस्स."

गुरुवार, वळ

प्रत्येक बाईला एक रंग. वहिनींना लाल. मी तोंड मिटून उभी. दिनेश म्हणाला, हे दृश्य तिकीट लावून दाखवण्यासारखं आहे.

हिरवी बाई एकदा पाणी प्यायला गेली. पिवळी दोनदा कचरा टाकायला. आणि लाल? लाल सुटलीच. टेबलावरून उठली, गोदामाच्या त्या टोकाच्या स्टोअरला गेली, परत आली. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या नकाशावर स्टोअरपर्यंत लाल दोरखंड तयार झाला होता आणि माझी अर्धी कांडी संपली होती. मला इतका आनंद झाला की मी दिनेशच्या पाठीत धपाटा घातला. जमीनदाराच्या! त्यानेही उलटा घातला.

मग 'का'. 'मागे का' या पहिल्याचं उत्तर सुताने दिलंच होतं.

"वहिनी, स्टोअरला का जाता?"

"टेप आनाला."

"स्वतःची?"

"सगल्यांची."

"तुम्हीच का?"

चौघीतली हिरवी मध्येच म्हणाली, "आम्ही गेलो तर बाळाराम देत नाही ना. आधी संपलेल्या टेपच्या आतला गोल पुठ्ठा आण म्हणतो. पुठ्ठा हरवला की हाकलतो. वहिनी गेल्या की बिनबोलता देतो."

"वहिनींना का देतो?"

"मामी हाय मी त्याची," वहिनी म्हणाल्या, जणू विचारण्यासारखं यात काही नव्हतंच. "मामीला न्हाय म्हनंल का तो?"

बाळाराम म्हणजे चाळिशीचा, भरघोस मिशांचा स्टोअरकीपर. अख्खं गोदाम त्याला टरकून. पाचवा 'का' त्याच्यासाठी राखला. पुठ्ठ्याचा हट्ट का? तो आधी फुरंगटला, मग म्हणाला, "एकदा टेपा गायब झाल्या. साहेबांनी सगल्यांसमोर मना चोर बोललं. तवापासून पुठ्ठा दिसल्याबिगर टेप न्हाय. मामीचा पुठ्ठा मागायची माजी हिंमत न्हाय, तो मी आपला कचऱ्यातून शोधतो."

म्हणजे एकाचा अपमान, दुसऱ्याचा मान राखणं, आणि दोन्हींची किंमत मामींच्या नावासमोरच्या आकड्यात! यादीत माणूस का नव्हता ते मला तेव्हा कळलं. पत्रकात मी लिहिलं असतं, 'शोषण!' ते खोटं नसतं, पण टेप मात्र त्याच टोकाला राहिली असती.

शुक्रवार, वळ

टेपचं रॅक टेबलाशेजारी आणायचं ठरवलं. बाळारामला घाम फुटला. पुठ्ठ्यांचं काय? तोडगा शेवटी त्यानेच काढला. रॅकशेजारी एक उभी सळई. टेप संपली की पुठ्ठा सळईत ओवायचा. वीस टेपा रॅकवर, जेवढे पुठ्ठे सळईत तेवढ्या रॅकवरून कमी. लांबूनही दिसतं. सळई त्याने स्वतः घासून, लाल रंग देऊन आणली. वर झेंडूचं फूल खोचलं होतं. उद्घाटन मामींच्या हस्ते.

दुपारी पुन्हा खोकी मोजली. या वेळी मी वहिनींकडे बघितलंसुद्धा नाही. रंजनावहिनी पाचांत दुसऱ्या आल्या. संध्याकाळच्या गाड्या वेळेवर निघाल्या. मी गेटवर उभी राहून प्रत्येक ड्रायव्हरला हात केला. त्यातल्या एकाने कोण वेडी म्हणून हॉर्न दिला.

शनिवार, निकाल

नकाशा टेबलावर ठेवला, सगळं सांगितलं. मॅनेजर साहेब खूश. म्हणाले, "उत्तम! आता इतक्या वेगात तर चार बायका नक्कीच पुरतील."

सगळं हसू एका क्षणात गळालं. सुधारणा आम्हीच केली होती आणि तिच्याच जोरावर बाई निघणार होती. माझ्या तोंडात चार वर्षांची पत्रकं एकदम आली. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी टेबलावर बोट आपटलं, मंगळवारच्या फॉर्मवर. मी भाषण गिळलं आणि वाचलं.

"साहेब, तुमच्या सहीचं आहे. 'गाड्या वेळेवर निघत नाहीत.' पाच जणींत त्या काल निघाल्या. चार जणींत निघतील असं कुणी मोजलंय?"

"मोजायला काय लागतं?"

आता दिनेश उठला. साखळी आत टाकली, जी तो गंभीर असताना टाकतो. "मोजा ना साहेब. पन गाडी अडकली की ती रस्त्यात उभी ऱ्हाते, आमच्या दारापुढं. गावाने दोनदा रस्ता अडवला तो तुमच्या आकड्यांमुळं न्हाय, गाडीमुळं. तिसऱ्या वेळी मीच पुढं बसेन. आन या नकाशाची एक प्रत मी माज्या गोदामाला घेऊन चाललोय, पाच बायकांची."

साहेबांनी नकाशाकडे बघितलं, दिनेशकडे बघितलं. मग बुधवारचा तक्ता मागवला आणि तो गोल खोडला. पेनने काढलेला गोल नीट खोडला जात नाही. नावावर निळा ढग राहिला. पण नाव राहिलं. पिवळा पट्टा म्हणजे कागदाला लावलेली पिवळी फीत निघाली, आणि मी ती दिवसभर मनगटाला बांधून हिंडले. कुणाच्या बापाला भीत नाही.

संध्याकाळी ओट्यावर वहिनी मात्र माझ्या फितीकडे एकदा बघून पुन्हा मासे साफ करायला लागल्या. मी विचारलं, खूश नाही?

"खूश हाय गो. पन तू माजा चालनाच बंद केलास. तकरं स्टोअरला जाताना वाटेत पंखा होता, दोन मिनटं वारा लागायचा. भाच्याशी घरचं बोलना व्हायचं. आता दिवसभर टेबल नि मी."

नकाशावर टाचणी मी फक्त दोन टोकांना लावली होती. मध्ये पंखा होता ते मी बघितलंच नव्हतं. रविवारी निघण्याआधी दिनेशच्या कानावर घातलं, टेबलाशी पंखा हवा, पत्रक काढू की तू बोलतोस? तो म्हणाला, "पत्रक नको गो आई, मी बोलतो." वहिनींनी निरोपाला सुकट बांधून दिली, उरलेल्या लाल सुताने पुडी करकचून बांधलेली.

लातूरला आल्यावर अण्णांना हत्यार दाखवलं. अण्णा लाल सूत बोटाला गुंडाळत म्हणाले, "उद्या डाळ मिलमध्ये न्यायचं का हे?" नेलंय. पण ते चालू आहे, त्यावर एवढ्यात बोलत नाही.

परवा वहिनींचा फोन आला. कामावर आहेत, पंखा लागला, चौघी आता आपापली टेप घेतात. मी विचारलं, मग तुमचं चालणं?

"बालाराम रोज बोलवतो ना, मामी, सलईतले पुठ्ठे मोजून सांगा म्हनून. त्याला तितून दिसतात, तरी बोलवतो. रोज एक फेरी. एकच हां गो. तेवढा सूत तू तुज्या नकाशात धरू नको."